बासष्टाव्या वर्षी पाच किलोमीटर धावावे का?

पत्राचा सारांश : कोल्हापुरातील ६२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेने हे पत्र लिहिले आहे. महाविद्यालयात असताना त्या ८०० मीटर धावत आणि विद्यापीठाच्या स्पर्धेत एकदा पहिल्याही आल्या होत्या. लग्नानंतर धावणे सुटले, सकाळचे चालणे मात्र कधी सुटले नाही. गेल्या सात-आठ महिन्यांपासून चालता चालता त्या मध्येच थोडे धावू लागल्या आहेत. रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे आणि गुडघा जिना उतरताना अधूनमधून कुरकुरतो. तीन महिन्यांनी शहरात होणाऱ्या स्पर्धेत सून अर्ध-मॅरेथॉन धावणार आहे, आणि ‘आई, तुम्ही निदान टेन-के तरी धावा’ असा तिचा आग्रह आहे. यजमान आणि मुलगा यांचा विरोध आहे. ‘या वयात गुडघे गेले तर कोण बघणार?’ असे ते म्हणतात. पत्रलेखिका विचारतात : “पाच किलोमीटर तर शाळेतली मुलेही धावतात, त्याला शर्यत म्हणायचे का? दहा किलोमीटर झेपले नाही आणि चालत शेवट गाठला तर सुनेसमोर हसे होईल. जुना वेग आता येणार नाही हे मला कळते. मग धावायचे तरी कशाला?”

सप्रेम नमस्कार.

धावावे की नाही, किती धावावे आणि घरच्यांना काय सांगावे, असे तीन प्रश्न तुमच्या पत्रात आहेत. त्या तिन्हींच्या तळाशी एक गृहीत आहे आणि ते आधी तपासावे असे मला वाटते. अंतर जितके मोठे तितका धावणारा मोठा, असे तुम्ही मानले आहे. त्यामुळे सुनेचे एकवीस किलोमीटर वरच्या पायरीवर, दहा मधल्या पायरीवर आणि पाच किलोमीटर जवळजवळ अंगणात, अशी उतरंड तुमच्या मनात तयार झाली आहे. ही उतरंड तुमची एकटीची नाही. गेल्या वीस वर्षांत आपल्याकडे गावोगाव मॅरेथॉन होऊ लागल्यापासून ‘हाफ केली का?’ हा प्रश्न ‘जेवलात का?’ इतक्या सहजपणे विचारला जातो.

परंतु तुम्ही स्वतः ८०० मीटरच्या धावपटू होतात. त्या काळी कोणी तुम्हाला ‘एवढेच अंतर?’ असे विचारले असते तर तुम्ही त्याला मैदानावर बोलावून शेवटचे दोनशे मीटर धावून दाखवायला सांगितले असते. त्याच ८०० मीटरची कथा तर फार बोलकी आहे. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची ही शर्यत प्रथम झाली, स्पर्धक कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या छापून आल्या, आणि हे अंतर स्त्रियांना झेपत नाही असे ठरवून ते थेट १९६० पर्यंत ऑलिम्पिकमधून वगळण्यात आले. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये आली १९८४ मध्ये आणि दहा हजार मीटर १९८८ मध्ये. म्हणजे तुम्ही महाविद्यालयात धावू लागलात तेव्हा ऑलिम्पिकच्या मैदानावर स्त्रियांसाठी १५०० मीटरच्या पुढची एकही शर्यत नव्हती. तेव्हा आता पाच किलोमीटर धावलात तर तारुण्यात तुमच्या आवाक्यात असलेल्या अंतराच्या सहापट अधिक धावाल. हे अंतर तुमच्याकडून राहून गेले नव्हते, त्या वेळी ते तुमच्यासमोर कोणी ठेवलेच नव्हते.

पाच किलोमीटर सोपे असते, हाही एक गैरसमज आहे. लांबची शर्यत मनुष्य राखून धावतो. लहान शर्यत शरीराच्या प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या बऱ्याच जवळ जाऊन धावली जाते. अर्ध-मॅरेथॉनमध्ये कस सहनशक्तीचा लागतो, तर पाच किलोमीटरमध्ये वेगाचा अंदाज चुकला की तिसऱ्या किलोमीटरलाच त्याची किंमत मोजावी लागते. उतारवयात हे अंतर चांगले ठरण्याचे कारणही येथेच आहे. वयानुसार स्नायू घटतात आणि त्यातही जलद आकुंचन पावणारे, म्हणजे ठेच लागल्यावर सावरण्यासाठी किंवा पटकन पाय उचलण्यासाठी लागणारे तंतू अधिक घटतात. केवळ संथ चालण्याने त्यांना पुरेसे काम मिळत नाही. थोडे धावणे आणि त्याला जोडून ताकदीचा व्यायाम केल्याने मिळते.

आता तुम्हाला जो धोका खरोखर आहे त्याविषयी लिहितो, आणि तो तुमच्या यजमानांना वाटतो तेथे नाही. आयुष्यात कधीच न धावलेली साठीतली व्यक्ती पहिल्या दिवशी घाबरत, जपून पाऊल टाकते. तुमच्यासारखी जुनी खेळाडू तसे करत नाही, कारण तिच्या डोक्यात जुनी लय जशीच्या तशी शिल्लक असते. नियमित चालण्याने तुमचे हृदय आणि फुप्फुसे बऱ्यापैकी तयार आहेत, त्यामुळे दम लागत नाही, दम लागत नाही म्हणून वेग वाढतो, आणि टाचेवरची जाड शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा) व पिंढरीचा स्नायू यांना मात्र गेल्या चाळीस वर्षांत असा भार माहीत नसतो. हृदय काही आठवड्यांत जुळवून घेते. अशा शिरांना महिने लागतात, आणि वय वाढल्यावर त्या दुखावल्या तर भरून यायलाही वेळ घेतात. म्हणून माजी धावपटूंना माझे सांगणे असते की पहिले तीन महिने स्वतःच्या दमावर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या दहा पावलांवर ठेवा. टाच किंवा पिंढरी तेव्हा आखडलेली असेल तर त्या दिवशी धावायचे नाही, फक्त चालायचे.

‘जुना वेग येणार नाही, मग धावायचे कशाला?’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. महाविद्यालयात तुम्ही ८०० मीटर समजा अडीच मिनिटांत धावत असाल, तर आज नऊ मिनिटांना एक किलोमीटर या बेताच्या गतीने तेच अंतर कापायला सात मिनिटांहून थोडे अधिक लागेल. हे आकडे शेजारी ठेवले की मन खट्टू होणारच. पण ही तुलना कोणत्याही खेळात मान्य नाही. पस्तीस वर्षांवरील खेळाडूंच्या मास्टर्स स्पर्धांमध्ये पाच-पाच वर्षांचे गट असतात, आणि शिवाय वयानुरूप गुणांकनाची एक पद्धत आहे, जिच्यात तुमची वेळ त्या वयाच्या व त्याच लिंगाच्या सर्वोत्तम वेळेशी ताडून टक्क्यांत मांडली जाते. हे गणित करून देणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळतात. सुनेला सांगून तुमची पहिली वेळ त्यात घालून पाहा. एवढ्याच अंतराची तिची वेळ तुमच्यापेक्षा कमी असूनही तिची टक्केवारी तुमच्याहून खाली येणे अगदी शक्य आहे, आणि तसे झाले तर घरात काय वातावरण होईल याची कल्पना मला येथे बसून करता येते.

चंडीगढच्या मान कौर यांनी वयाच्या ९३ व्या वर्षी धावायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स क्रीडास्पर्धेत १०१ व्या वर्षी शंभर मीटर ७४ सेकंदांत पूर्ण केले. त्या वयोगटात त्या एकट्याच होत्या, हे कोणी लपवले नाही आणि त्याने काही बिघडलेही नाही. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांचे उदाहरण तुमच्या अधिक जवळचे आहे. ते तारुण्यात इंग्लंडमध्ये धावत, पुढे ते सुटले, चाळिशीत त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि २००३ मध्ये ७२ व्या वर्षी तीन तासांच्या आत मॅरेथॉन धावणारे ते सत्तरीपुढचे पहिले गृहस्थ ठरले. त्यांचा सराव घराजवळच्या दफनभूमीत संथ फेऱ्या मारण्याचा होता. अशी माणसे अपवादात्मक असतात आणि त्यांच्याकडे पाहून आपले वेळापत्रक आखू नये, पण संथ सरावावर त्यांचा किती भर होता तेवढे जरूर घ्यावे.

आता यजमानांच्या आणि मुलाच्या विरोधाकडे येऊ. धावल्याने गुडघे झिजतात ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिला पुरावा मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ पासून पन्नाशीपुढच्या धावणाऱ्यांचा आणि न धावणाऱ्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. गुडघ्यांच्या क्ष-किरण तपासणीत जवळजवळ दोन दशकांनंतरही धावणाऱ्यांमध्ये संधिवाताची झीज अधिक आढळली नाही. त्याच अभ्यासमालेत १९ वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के व्यक्ती मरण पावल्या होत्या, आणि रोजच्या हालचालींतले परावलंबित्व धावणाऱ्यांमध्ये बरेच उशिरा आले. येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. जे लोक पन्नाशीत धावत असतात ते मुळातच अधिक सुदृढ आणि सडपातळ असतात. हा फरक वजा करण्याचा प्रयत्न संशोधकांनी केला असला तरी तो पूर्णपणे वजा होत नाही. शिवाय ज्या गुडघ्याची झीज आधीच झाली आहे, जो सुजतो किंवा मध्येच अडकतो, त्याला ही आकडेवारी लागू नाही. तुमचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, म्हणजे बहुधा मांडीचा पुढचा स्नायू अशक्त झाला असावा, पण हे पत्रावरून ठरवता येत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांना एकदा दाखवाच, आणि पूर्वी साध्या पडण्याने कधी हाड मोडले असेल तर हाडांच्या घनतेची तपासणीही करून घ्या, कारण रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा वेग वाढतो.

हृदयाची भीती घरच्यांनी बोलून दाखवली नसली तरी ती मनात असणार. अमेरिकेतील मॅरेथॉन आणि अर्ध-मॅरेथॉनच्या २००० ते २०१० या काळातील सुमारे एक कोटी नऊ लाख सहभागींचा आढावा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयक्रिया बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या, पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखात सुमारे एक आणि अर्ध-मॅरेथॉनमध्ये त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा होते, व बहुसंख्य घटना पुरुषांच्या होत्या. धोका अत्यल्प आहे, पण शून्य नाही. तुम्हाला रक्तदाब आहे, म्हणून प्रवेश अर्ज भरण्याआधी डॉक्टरांची भेट, हृदयाचा आलेख आणि त्यांना आवश्यक वाटली तर ट्रेडमिल चाचणी, एवढे झालेच पाहिजे. त्या भेटीला यजमानांना सोबत न्या. घरी तुम्ही दिलेली शंभर उत्तरे जे करणार नाहीत ते डॉक्टरांसमोर त्यांनी स्वतः विचारलेला एक प्रश्न करून जाईल.

डॉक्टरांना गोळीचे नाव सांगून धावण्याविषयी स्पष्ट विचारा. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल या वर्गातील गोळी असेल तर कितीही श्रम झाले तरी नाडी फारशी वाढत नाही, आणि मनगटावरचे घड्याळ ‘अजून वेग वाढवा’ असा चुकीचा सल्ला देत राहते. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी असेल तर पाणी आणि क्षार यांचा वेगळा विचार करावा लागतो. तसेही नाडीच्या गणितावर फार विसंबू नका. २२० मधून वय वजा करण्याच्या पद्धतीने तुमची कमाल नाडी १५८ येते, दुसऱ्या प्रचलित सूत्राने, म्हणजे २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा केल्यास, जवळजवळ १६५ येते, आणि प्रत्यक्ष व्यक्तीत दोन्हींपेक्षा दहा-बाराचा फरक सहज असू शकतो. धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, ही जुनी कसोटी या सर्वांहून बरी. तुम्ही तीस-पस्तीस वर्षे वर्गात बोलत आला आहात, तेव्हा ती तुम्हाला जड जाऊ नये. छातीत दडपण, जबड्यात किंवा खांद्यात दुखणे, एकाएकी मळमळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर थांबायचे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. स्त्रियांमध्ये ही लक्षणे पुष्कळदा पित्त म्हणून सोडून दिली जातात.

डॉक्टरांची संमती मिळाली असे धरून सांगतो. माझ्या मते तुम्ही या वेळी पाच किलोमीटरचाच अर्ज भरावा. तीन महिन्यांत दहा किलोमीटर पूर्ण करता येणार नाहीत असे नाही, पण त्यासाठी आठवड्याचे अंतर ज्या वेगाने वाढवावे लागेल तो तुमच्या टाचेला आणि पिंढरीला मानवणार नाही. आठवड्यात तीनच दिवस धावा आणि त्यांमध्ये किमान एक दिवस सोडा. पहिला महिना दोन मिनिटे धावणे व एक मिनिट चालणे असे एकूण अर्धा तास करा, दुसऱ्या महिन्यात चार मिनिटांस एक मिनिट करत चाळीस मिनिटांपर्यंत जा, आणि तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा पूर्ण पाच किलोमीटर बोलत बोलत करून पाहा. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सराव निम्मा करा, झोप मात्र निम्मी करू नका. धावता-चालता अंतर कापण्याच्या या पद्धतीचा प्रसार अमेरिकेचे माजी ऑलिम्पिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी केला आणि हजारो लोक तिच्या बळावर पूर्ण मॅरेथॉन संपवतात. चालत शेवट गाठला तर हसे होईल, ही भीती म्हणूनच निराधार आहे. दमून नाइलाजाने चालणे वेगळे आणि ठरवून, घड्याळ लावून चालणे वेगळे. बघणाऱ्याला फरक कळत नसेल, पण तुमच्या पायांना कळतो.

उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवशी ताकदीचा व्यायाम करा, आणि हा भाग बहुतेक जण टाळतात म्हणून थोडे आग्रहाने सांगतो. भिंतीला हात टेकवून टाचा उचलणे, हळूहळू एका पायावर तोच व्यायाम, हात न टेकता खुर्चीवरून उठणे व बसणे, जिन्याच्या पायरीवर चढ-उतार, पाठीवर झोपून कंबर उचलणे यांना वीस मिनिटे पुरतात आणि त्यासाठी व्यायामशाळेत जावे लागत नाही. धावताना किंवा खोकताना थोडी लघवी होत असेल तर तेही सांगण्यासारखे आहे. बाळंतपणे झालेल्या कित्येक स्त्रिया केवळ या संकोचापायी धावणे सोडतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा आणि ते स्पर्धेच्या निदान महिनाभर आधी वापरात आणा.

स्पर्धेच्या सकाळी वीस-पंचविशीतल्या मुलांचा लोंढा, मोठ्या आवाजातले संगीत आणि झुंबा यांनी तुमची नाडी आधीच वाढलेली असेल. रांगेत मागे उभ्या राहा. वेळ बिबवरच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकपट्टीवरच्या, चिपने मोजली जाते, त्यामुळे सुरुवातीची रेषा तुम्ही ओलांडाल तेव्हापासूनच तुमचे घड्याळ सुरू होते आणि मागे उभे राहिल्याने काही बुडत नाही. पहिला किलोमीटर सरावापेक्षाही संथ धावा, कारण ८०० मीटरची जुनी धावपटू जागी होईल ती नेमकी तेथेच. तिला शेवटच्या चारशे मीटरमध्ये थोडी मोकळीक द्यायला माझी हरकत नाही. वयानुसार तहान कमी जाणवते, म्हणून घरून निघण्यापूर्वी पाणी प्या आणि वाटेत दोन घोट घ्या, पण पेल्यावर पेले रिचवू नका. ‘खबरदारी’ म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर ती मूत्रपिंडाला महागात पडते. शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, पाच-दहा मिनिटे चालत राहा. आणि आदल्या रात्री ताप असेल किंवा गुडघा सुजलेला असेल तर भरलेले शुल्क विसरून जा.

‘कोण बघणार?’ या प्रश्नात चेष्टेपेक्षा काळजी अधिक आहे, असे मला वाटते. यजमानांना या उपक्रमात एखादे ठोस काम द्या. बिबच्या मागे रक्तगट, चालू औषध आणि आपत्कालीन संपर्क लिहायचा असतो, तेथे त्यांचा क्रमांक लिहा आणि चौथ्या किलोमीटरपाशी त्यांना उभे राहायला सांगा. सुनेला मात्र स्पष्ट सांगावे लागेल की दहा किलोमीटरचा विचार पुढच्या हंगामात, तोही एक तास वीस मिनिटे न दुखता पायांवर राहता आले तर. तिचा आग्रह प्रेमाचा आहे, म्हणून नकारही मोकळेपणाने देता येईल.

राहिला तिच्यासमोर हसे होण्याचा प्रश्न. बहुतेक स्पर्धांमध्ये अर्ध-मॅरेथॉन आधी सुटते आणि पाच किलोमीटर नंतर, तरीही तुमची धाव पाऊण तासात संपेल आणि तिचे काही अंतर तेव्हा बहुधा शिल्लक असेल. म्हणजे शेवटच्या रेषेपाशी वाट पाहत उभ्या असाल त्या तुम्ही. घामेजल्या अंगाला पहाटेचा गारठा बाधतो, तेव्हा कोरडा सदरा, स्वेटर आणि खायला काहीतरी यजमानांच्या पिशवीत आठवणीने ठेवा, तिच्यासाठीही.